गाडीला मामा दिसलेच नाहीत

फायनल इयरच्या डेमोच्या दिवशी तुम्ही देवाकडे काय मागता? ‘आज फक्त चालू दे.’ बरोबर ना? माझ्या रूममेटनेही तेच मागितलं होतं. आणि गाडी चालली. थांबायचं तिथेही चालतच राहिली, घोळ तिथे झाला.

ती इंजिनीअरिंगची, मी मास कॉमची. तिच्या लॅबमध्ये माझं काम एकच, व्हिडिओ काढायचा. प्रोजेक्ट म्हणजे हॉस्पिटलच्या वॉर्डात औषधं आणि पाण्याच्या बाटल्या पोचवणारी चारचाकी गाडी. गुडघ्याहून कमी उंचीची, आपली आपण चालणारी आणि समोर काही आलं की थांबणारी. परीक्षकांसमोर पांढऱ्या थर्माकोलचा खोका ठेवला. गाडी आली, खोक्यापासून वीतभर अंतरावर थांबली. टाळ्या. पुन्हा सोडली, पुन्हा थांबली. पुन्हा टाळ्या.

तेवढ्यात दारातून शिपाई मामा चहाचा ट्रे घेऊन आत आले. काळी पँट, काळे बूट, मागून दुपारचं ऊन. गाडी सरळ त्यांच्या नडगीवर. दोन कप फरशीवर. लागलं फारसं नाही. सगळे हसले, मीही हसले. मामाही हसले आणि म्हणाले, “खोका दिसतो अन् मी नाय दिसलो व्हय तिला?”

त्या संध्याकाळी मी रील बनवली. खोक्याचे दोन्ही शॉट घेतले, खाली छान म्युझिक टाकलं आणि मामांचा भाग कापला. हजारभर व्ह्यूज मिळाले. तिच्या रिपोर्टमध्येही तेच झालं. ‘निष्कर्ष : अडथळा ओळखून वाहन यशस्वीरीत्या थांबते.’ अडथळा म्हणजे काय? थर्माकोलचा खोका.

हा लेख मी त्या कापलेल्या सात सेकंदांबद्दल लिहितेय. माझं म्हणणं सरळ आहे. रोबो-गाडीला लेझर सेन्सर जोडणं हे एका संध्याकाळचं काम आहे. तो कोणाकोणावर तपासला, हा खरा प्रोजेक्ट. आणि आपल्या कॉलेजांमध्ये त्याबद्दल कुणी विचारतही नाही.

साबुदाण्याएवढं घड्याळ

टेक्निकल म्हटलं की पान उलटणाऱ्यांनो, थांबा. मलाही काही येत नव्हतं. चार रात्री तिच्याशेजारी बसून जे कळलं तेच सांगतेय.

तिच्या गाडीवर होता व्हीएल५३एल०एक्स नावाचा सेन्सर. एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या कंपनीची ही चिप ४.४ मिलिमीटर लांब आणि २.४ मिलिमीटर रुंद, म्हणजे साबुदाण्याच्या दाण्याएवढी. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर छोट्या बोर्डावर बसवलेली काही शे रुपयांत मिळते. तिच्यातून ९४० नॅनोमीटरचा लेझर निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही आणि क्लास १ मधला असल्यामुळे डोळ्यांना धोकाही नाही. समोरच्या वस्तूवर आपटून तो प्रकाश परत यायला किती वेळ लागला, हे चिप मोजते.

किती वेळ? प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटीमीटर जातो. म्हणजे एक मीटरवरच्या भिंतीला शिवून परत यायला ७ नॅनोसेकंदही लागत नाहीत. तेवढा वेळ मोजणारं घड्याळ आपल्याला एका चांगल्या जेवणाच्या पैशात मिळतं! मला तरी हे ऐकून भारी वाटलं.

पण प्रकाश परत आलाच नाही तर? इथून खरी गोष्ट सुरू होते.

दुकानदार सांगतो, ‘रेंज दोन मीटर.’ खोटं नाही ते. पण कंपनीच्याच डेटाशीटमध्ये एक तक्ता आहे. दोन मीटर हे घरात, पांढऱ्या वस्तूवर आणि लांब पल्ल्याचं सेटिंग लावल्यावर. तीच वस्तू करडी असेल तर घरात साधारण ८० सेंटीमीटर. बाहेर, तेही ढगाळ हवेत, करड्या वस्तूवर ५० सेंटीमीटरच्या आसपास. सूर्यप्रकाशातही ९४० नॅनोमीटरचा प्रकाश असतोच. त्या गर्दीत आपला परत आलेला किरण ओळखायचा म्हणजे लग्नाच्या वरातीत बँडशेजारी उभं राहून फोनवर बोलण्यासारखं आहे.

आता मामा आठवा. काळी पँट, मागून ऊन. आणि आम्ही तपासलं होतं पांढऱ्या थर्माकोलवर. या सेन्सरसाठी याहून सोपा पेपर असूच शकत नाही.

जोडणं सोपं, बसवणं अवघड

चार वायरी असतात. पॉवर, ग्राउंड आणि आयटूसीच्या दोन. लायब्ररी डाउनलोड केली, उदाहरणाचा कोड टाकला की स्क्रीनवर आकडे पळायला लागतात. इथे ९० टक्के मुलं म्हणतात ‘झालं’ आणि पुढच्या कामाला लागतात. (हे ९० टक्के माझे अंदाजपंचे, पण तुमच्या बॅचकडे बघून सांगा, चुकलंय का?)

आकडे पळणं आणि आकडे खरे असणं यांच्यामध्ये पाच खड्डे आहेत. रूममेटची टीम त्यातल्या चारांत पडली.

पहिला खड्डा सगळ्यात लाजिरवाणा. नव्या चिपवर बऱ्याचदा धूळ लागू नये म्हणून पातळशी फिल्म चिकटवलेली असते, मोबाईलच्या नव्या स्क्रीनवर असते तशी. ती काढायची असते. यांनी काढली नाही. दोन दिवस गाडी मोकळ्या हॉलमध्ये ‘समोर भिंत आहे’ म्हणून अडून बसली. दोन दिवस कोड बदलत होते! शेवटी टीममधल्या एकीने नखाने फिल्म काढली आणि सगळे गप्प झाले.

दुसरा. धुळीसाठी म्हणून सेन्सरपुढे ॲक्रिलिकची काच लावली. थोडा प्रकाश त्या काचेवरूनच परत फिरतो आणि सेन्सर काचेलाच अडथळा समजायला लागतो. एक तर त्या जागी भोक ठेवा, नाहीतर काच लावून नव्याने कॅलिब्रेशन करा.

तिसरा, कोन. या सेन्सरची नजर म्हणजे सरळ रेषा नाही, साधारण २५ अंशांचा शंकू आहे. एक मीटरवर त्याची रुंदी ४४ सेंटीमीटरच्या आसपास होते. सेन्सर जमिनीपासून फक्त ५ सेंटीमीटरवर सरळ लावला, तर सुमारे २२ सेंटीमीटरवरच शंकूची खालची कड फरशीला टेकते. मग गाडी फरशीलाच घाबरते. थोडा वर बसवा किंवा किंचित वर तोंड करा. पण फार वर केलंत तर खाली पडलेली चप्पल दिसणार नाही, हेही लक्षात असू द्या.

चौथा. एकाऐवजी तीन सेन्सर लावले की तिघांचा पत्ता सारखाच असतो, कंपनीतून हेक्साडेसिमलमध्ये २९ असा ठरून आलेला. वर्गात तीन स्नेहल असल्या आणि सरांनी ‘स्नेहल’ म्हणून हजेरी घेतली की तिघी एकदम ‘प्रेझेंट सर’ म्हणणार, तसंच हे. म्हणून प्रत्येक बोर्डावर एक्सशट नावाची पिन असते. तिच्या मदतीने आधी सगळ्यांना झोपवायचं, मग एकेकाला उठवून नवा पत्ता द्यायचा. पॉवर गेली की हे पत्ते पुसले जातात, त्यामुळे गाडी चालू करताना दर वेळी हा कार्यक्रम करावा लागतो. आणि ही पिन काही बोर्डांवर ५ व्होल्ट सहन करत नाही, तेव्हा बोर्डाची माहिती वाचून मगच वायर लावा.

पाचवा खड्डा, मोटर. टेबलावर सगळं नीट, चाकं फिरायला लागली की सेन्सर अडकतो. कारण मोटरचा विजेचा गोंगाट त्याच लाइनवरून सेन्सरपर्यंत येतो. मोटरला वेगळी बॅटरी द्या, ग्राउंड मात्र एकच ठेवा आणि मोटरच्या दोन टोकांवर छोटा सिरॅमिक कपॅसिटर लावा. ही एकच गोष्ट यांनी आधीपासून बरोबर केली होती, कारण सीनिअर ताईने बजावलं होतं.

‘माहीत नाही’ म्हणजे ‘मोकळं’ नव्हे

हे पाचही खड्डे बुजवले तरी मामांना धडक बसलीच असती. कारण सगळ्यात मोठी चूक वायरिंगमध्ये नव्हती, एका ओळीत होती.

कोडमध्ये लिहिलं होतं, अंतर ३०० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर थांब, नाहीतर चाल. ऐकायला बरोबर वाटतं ना? पण प्रकाश पुरेसा परत आला नाही की हा सेन्सर गप्प बसत नाही, तो ८१९० असा आकडा देतो. आठ मीटर. त्याचा खरा अर्थ ‘मला काही कळलं नाही’ असा आहे. मोजायला फारच वेळ लागला तर एक प्रचलित लायब्ररी ६५५३५ परत करते, तोही अंतराचा आकडा नव्हे. पण कोडला हे कोण सांगणार? कोड बघतो, ८१९० हे ३०० पेक्षा मोठं आहे. म्हणजे रस्ता मोकळा. चल पुढे!

‘मला दिसत नाही’ आणि ‘समोर कुणी नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या वर्गात पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात की अधिकाऱ्याने फोन उचलला नाही, तर ‘प्रतिक्रिया मिळू शकली नाही’ असं लिहायचं. ‘अधिकाऱ्यांचा आक्षेप नाही’ असं लिहायचं नाही. रूममेटला हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे माझी गाडी फेक न्यूज देत होती.”

मग करायचं काय? रिकाम्या हॉलमध्येही ८१९०च येणार. दर वेळी थांबली तर गाडी जागची हलणार नाही. उत्तर आपल्याला आधीपासून माहीत आहे. पावसाळ्यात ताम्हिणी घाटात धुकं असताना शहाणा माणूस गाडी कशी चालवतो? जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात ब्रेक लागेल अशा वेगाने. सेन्सरचंही तेच. वाईटात वाईट परिस्थितीत तो किती लांबचं खात्रीने बघतो, ते आधी मोजायचं. मग वेग असा ठेवायचा की त्या अंतराच्या आत गाडी थांबलीच पाहिजे.

इथे आणखी एक गंमत सापडली. स्क्रीनवरचे आकडे वाचता यावेत म्हणून कॉपी केलेल्या कोडमध्ये दर मोजणीनंतर अर्ध्या सेकंदाची विश्रांती होती. गाडी अर्धा मीटर प्रतिसेकंदाने धावत होती. म्हणजे दोन मोजण्यांच्या मध्ये ती २५ सेंटीमीटर डोळे मिटून चालत होती! सेन्सर मात्र साधारण ३० मिलिसेकंदात एक मोजणी देऊ शकतो. ती एक ओळ काढल्यावर हे २५ सेंटीमीटर दीडवर आले.

टेप आणा, पँटी आणा

डेमोनंतरच्या रविवारी आम्ही हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये बसलो. फरशीवर शिंप्याची मेजरिंग टेप चिकटवली, दर दहा सेंटीमीटरवर खूण केली. मग हॉस्टेलभर फिरून वस्तू गोळा केल्या. जीन्स, काळ्या पँटी, सुती ओढणी, रेनकोट, स्टीलचा डबा, खुर्चीचा पाय, बूट. प्रत्येक वस्तू प्रत्येक खुणेवर धरून पन्नास मोजण्या घेतल्या. त्यातली सगळ्यात लहान, सगळ्यात मोठी आणि किती वेळा ‘कळलं नाही’ आलं, हे वहीत लिहिलं. एकदा ट्यूबलाइटमध्ये, एकदा खिडकीच्या उन्हात.

मला वाटलं होतं, काळं ते सगळं फेल जाणार. तसं झालं नाही. एक काळी पँट सेन्सरला मस्त दिसली, दुसरी जवळपास नाहीच. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच काळ्या. कारण सेन्सर बघतो तो प्रकाश आपल्याला दिसतच नाही, आणि काही काळे रंग तो प्रकाश शोषतात, काही परत पाठवतात. बुटांनी उन्हात वीतभर येईपर्यंत दाद दिली नाही. स्टीलचा डबा सरळ धरला तर दिसला, तिरपा धरला तर गायब, कारण किरण भलतीकडेच गेला. पॅसेजच्या टोकाची काच तर त्याच्या लेखी कधी होती, कधी नव्हती.

यातली एकही गोष्ट खोलीत बसून अंदाजाने सांगता आली नसती. म्हणून म्हणते, मोजा. दोन-तीन तासांचं काम आहे, खर्च शून्य.

आता तुम्ही म्हणाल, ‘सबमिशन, प्लेसमेंट, ॲप्टिट्यूड, यात वेळ कुठाय? आणि एवढ्याशा स्वस्त सेन्सरकडून किती अपेक्षा ठेवायच्या?’ पहिला मुद्दा मान्य, त्यावर शेवटी येते. दुसरा मान्य नाही. कारण महाग सेन्सर लावून हा प्रश्न सुटत नाही.

१८ मार्च २०१८ची रात्र. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातलं टेंपी शहर. उबरच्या चाचणीतल्या स्वयंचलित कारने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना धडक दिली. त्यात त्या गेल्या. कारच्या टपावर महागडा लेझर सेन्सर, म्हणजे लायडार होता. रडारही होतं. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात आढळलं की धडकेच्या ५.६ सेकंद आधीच यंत्रणेला काहीतरी समोर असल्याचं कळलं होतं. पण ते नक्की काय आहे याबद्दल तिचं मत बदलत राहिलं. कधी वाहन, कधी ‘इतर’, कधी सायकल. माणूस झेब्रा क्रॉसिंग सोडून भलतीकडून रस्ता ओलांडू शकतो, हे त्या यंत्रणेत गृहीतच धरलेलं नव्हतं. देखरेखीसाठी बसलेली चालक फोनकडे बघत होती, मंडळाने तिच्या दुर्लक्षावर आणि कंपनीच्या सुरक्षेबाबतच्या ढिलाईवरही बोट ठेवलं.

म्हणजे सेन्सरला दिसलं होतं. पण रस्ता नेमून दिलेल्या जागीच ओलांडला जातो, असं कुणीतरी ऑफिसात बसून ठरवलं होतं. झेब्रा क्रॉसिंग सोडून रस्ता ओलांडणारी माणसं! आपल्याकडे त्यांना आपण ‘लोक’ म्हणतो.

याच्या उलट उदाहरण आपल्याच देशात आहे. सप्टेंबर २०१९मध्ये चांद्रयान-२चा लँडर चंद्रावर आदळला. त्यानंतर चांद्रयान-३ घडवताना इस्रोने अपयश गृहीत धरून रचना केली, असं तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. सेन्सर बिघडला तर काय, इंजिन चाललं नाही तर काय, असे प्रश्न आधी. लँडरवर उंची मोजणारा लेझर होता, वेग मोजणारा लेझरही होता. हे सेन्सर आणि दिशादर्शन हेलिकॉप्टरला बांधून तपासले गेले. मगच २३ ऑगस्ट २०२३ला आपण सगळे टीव्हीसमोर उड्या मारू शकलो. त्या उड्या आपल्याला आठवतात, हेलिकॉप्टर कुणाला आठवत नाही.

दहा मार्क ‘कुठे चुकते’ला

आता वेळेचा मुद्दा. मुलं तपासत नाहीत, कारण तपासायला मार्क नाहीत. व्हायवात विचारतात, ‘ॲक्युरसी किती?’ मुलं बेधडक सांगतात, ‘सर, नाइंटी एट पर्सेंट.’ कशावर? कुठे? किती वेळा? पुढचा प्रश्न येत नाही. उलट एखाद्याने प्रामाणिकपणे सांगितलं की ‘उन्हात चालत नाही, सर’, तर त्याचेच मार्क जायची भीती. मग रेडिमेड प्रोजेक्ट विकणारी दुकानं चालणार नाहीत तर काय होईल? चालणारी गाडी विकत मिळते. ती कुठे चुकते हे मात्र विकत मिळत नाही, ते स्वतः बसून मोजावंच लागतं. म्हणजे खरं काम कुणी केलं, हे ओळखायचा सोपा उपायही तोच आहे.

म्हणून प्राध्यापकांना एक विनंती. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एक पान सक्तीचं करा, ‘हे यंत्र कुठे चुकते’. कोणत्या वस्तूवर, कोणत्या उजेडात, किती अंतरावर, असा हाताने मोजलेला तक्ता. त्याला दहा मार्क द्या. आणि डेमोला अडथळा मुलांनी आणायचा नाही, परीक्षकांनी आणायचा. छत्री आणा, काळी बॅग आणा, स्वतः समोर उभे राहा.

मुलांना मी काय सांगणार, मीही तुमच्यातलीच. मी तर रील कापणारी. चुकलेला शॉट कापला की सगळं यशस्वी दिसतं, हे माझ्या क्षेत्रातही रोज घडतं. पण रील बघणाऱ्याचं फार तर मनोरंजन कमी होईल. वॉर्डातल्या कॉरिडॉरमध्ये ती गाडी खरंच धावली असती, तर समोर थर्माकोलचा खोका आला नसता. काठी टेकत जाणारे आजोबा आले असते, सलाइनचा स्टँड ढकलणारा पेशंट आला असता, काळे बूट घातलेला वॉर्डबॉय आला असता.

परवा रूममेटने गाडी पुन्हा चालवली. वेग निम्म्याहून कमी केलाय, एक सेन्सर वर आणि एक खाली लावलाय, आणि ‘कळलं नाही’ आलं की गाडी गोगलगाय होते. मामांना मुद्दाम बोलावलं. तीच पँट, तेच बूट, तेच दार. गाडी हातभर अलीकडे थांबली. मामा म्हणाले, “आता बाजूनं येऊ का?” बाजूने आले, तर खुर्चीच्या पायाआडून आलेला त्यांचा पाय तिला उशिरा दिसला. बूट घासला गेला. तिने वही काढली आणि ते लिहून घेतलं.

या वेळी मी रील कापली नाही. धडकेसकट टाकलीय. व्ह्यूज आधीपेक्षा कमी आहेत. कमेंटमध्ये मात्र पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, ‘पावसात रेनकोट घातलेला माणूस दिसतो का?’

रेनकोट आम्ही तपासला होता, पण कोरडा. ओला राहिलाय. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर तुम्हीही तपासा. आणि डेमोच्या आदल्या दिवशी तुमच्या कॉलेजच्या मामांना चहाला बोलवा. चहा तुम्ही आणा, त्यांना नुसतं गाडीसमोरून चालू द्या.